चिंबोरी कोणाची

रवि. ५ एप्रिल
रोह्याहून आत्ताच आले. डोकं तापलंय. आधी लिहिते, जेवण मग.

जुन्या टीव्ही गेमच्या स्पर्धेची नावनोंदणी होती. राक्षस पकडायचे, वाढवायचे, लढवायचे, तो माझा गेम त्यात आहे कळल्यापासून हवेत होते. मेमरी कार्ड रुमालात गुंडाळून नेलं. संयोजक अमेय, पंचविशीतला, बोलायला नम्र. कार्ड लावलं, पडद्यावर माझी चिंबोरी आली, लालभडक खेकडी, एक नांगी दुसरीच्या दुप्पट. मागची पोरं वाकून बघायला लागली. मग अमेयने खालची ओळ वाचली. मालक : मंदार.

"ताई, मंदार कोण?"
"माझा मोठा भाऊ."
"मग कार्ड त्यांचं झालं. लोक तयार कार्डं विकत आणतात हो, म्हणून नियम केलाय. नाव जुळायला हवं."

सगळं सांगितलं. मी सातवीत असताना कन्सोल घरी आला, रिमोट आधी दादाच्या हातात, त्याने स्वतःचं नाव टाकलं आणि आठवड्यात कंटाळून क्रिकेटला पळाला. तेव्हापासून खेळतेय ती मी. गेममध्ये नाव बदलता येत नाही, हे अमेयलाही माहीत आहे.

"पटतंय ताई. पण मी कुणाकुणाचं ऐकू? दादांना पाठवा ना. तुम्ही बाजूला बसा."

बाजूला.

सोम. ६
दादाला फोन केला. डोलवीला कंपनीत असतो, शिफ्ट सुटल्यावर बोलला. वाटलं होतं, 'हा कसला नियम' म्हणून माझ्या वतीने भांडेल.

"नाव माझंच हाय ना? मग खेळतो की. शिकव मला."

हो म्हटलं. चिंबोरीला एकदा तरी चार लोकांसमोर लढताना बघायचंय. घरात बसून हरवायला कोणी उरलेलं नाही.

गुरु. ९
दुकानातून लवकर निघाले. मेडिकलच्या शेठना डोकं दुखतंय सांगितलं. दादा आला, शिकवणी सुरू. चिंबोरी आधी कवचात घ्यायची, समोरचा दमला की मग नांगी. याला थांबवत नाही. सारखी नांगी, नांगी.

"हिचं नाव काय हे, चिंबोरी," म्हणून हसला.

नाव बाबांनी ठेवलं. शेवटच्या आजारपणात खाटेवरून टीव्ही बघायचे. बोलणं कमी झालं होतं, पण "चिंबोरीला काढ" एवढं म्हणायचे. दादा तेव्हा ट्रेनिंगला बाहेरगावी. त्याला सांगितलं हे. "असं व्हय," म्हणाला आणि पुन्हा नांगी दाबली.

रवि. १२
सकाळच्या गाडीने दोघं रोह्याला. हॉल भरलेला. खेळाडूशी बोलायचं नाही असा आणखी एक नियम. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर, तोंड बंद.

दादा चुकत होता आणि चिंबोरी सांभाळून घेत होती. फायनलला समोर आगीचा पक्षी. कवचात घ्यायच्या वेळी याने नांगी मारली. दुसरी कोणी असती तर तिथेच संपली असती. ती उभी राहिली, कारण तिचं कवच मी वर्षानुवर्षं वाढवलंय, एकेका फुटकळ लढाईतून. पुढच्या घावाला पक्षी पडला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. खोटं कशाला लिहू, ऊर भरून आला होता.

मग अमेयने माईक दिला. "दादा, एवढं कसं जमवलंत?"

दादा म्हणाला, "लहानपणापासून मेहनत घेतलीय. सातत्य लागतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चषक देताना फोटो काढत होते, तेवढ्यात मी पुढे जाऊन कन्सोलमधून कार्ड काढून घेतलं. येताना गाडीत दादा फोनवर सगळ्यांना बातमी देत होता. वडखळला उतरताना म्हणाला, "तू का गप्प?"

सोम. १३
दुकानात तिघांनी अभिनंदन केलं. "तुमच्या भावाचा फोटो बघितला गावच्या ग्रुपवर." एक बाई तर म्हणाली, तुम्हीपण शिका त्यांच्याकडून. खोकल्याचं औषध तिच्या हातात ठेवलं आणि आत गेले.

घरी आई : "भावाचं नाव झालं ते तुझंच झालं ना गो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"
"माझं झालं असतं तर तू असंच म्हणाली असतीस, दादाचंच झालं म्हणून?"
आई भाजी निवडायला बसली. 

शनि. १८
दादा आला. पुढची स्पर्धा अलिबागला, २६ ला. कार्ड हवंय.

म्हटलं, "आधी अमेयला फोन कर. माझ्यासमोर. ती कोणी वाढवली ते सांग."
"आता सांगू? चषक घेतल्यावर? कंपनीत सत्कार केला पोरांनी. हसतील मला."
"आणि मला?"
"तुला कोण हसतंय? तुला कोण ओळखतंय तिथे?"

हे त्याने रागाने म्हटलं नाही, साधं म्हटलं. तेच जास्त लागलं. कार्ड दिलं नाही. आईने त्याला जेवून जा म्हटलं, तो थांबला नाही.

मंगळ. २१
दुपारी गावच्या आणि स्पर्धेच्या ग्रुपवर दादाची पोस्ट. चषकाचा फोटो, खाली : 'माझ्या यशात माझ्या बहिणीची मोठी मदत झाली. थँक्यू ताई.' खाली हात जोडलेले, फुलं, 'असा भाऊ सगळ्यांना मिळो.' अमेयचाही अंगठा.

ताई म्हणे. आयुष्यात कधी ताई म्हटलं नाही मला, आणि मी धाकटी आहे.

लगेच मेसेज : 'आता झालं ना समाधान? उद्या कार्ड न्यायला येतो.'

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून परत स्वतः वाचलं. म्हणाली, "मदत काय? तू तर ह्यांच्या उशाशी बसून खेळायचीस. मी बघितलंय." एवढंच बोलून आत गेली.

दादाला लिहिलं : 'मदत हा शब्द काढ. मग ये.'

निळ्या खुणा आल्या. वाचलंय त्याने.