पाटाखालच्या रेघा

नायगाव, ११ नोव्हेंबर १९५७

श्रीमद्-ठाकूरद्वारस्थ-प्राथमिकशालाधिष्ठात्री, खडूशस्त्रधारिणी, चत्वारिंशत्-कार्टी-निर्दालिनी चि. भगिनी चंपाबाई यांच्या सेवेसी, नायगाव-बी.डी.डी.-चाळ-तृतीयमजलाधिपती, नळरांगविजयी, भूतपूर्व विडीसम्राट राजाराम याचा सप्रेम जयभीम वि. वि.

माझ्या फुफ्फुसाचा नासका तुकडा काढण्यास डॉक्टर सिद्ध आहेत. अट एकच : तत्पूर्वी एकवीस दिवस धूम्रपान वर्ज्य. त्यासाठी त्यांनी एक कोष्टक दिले आहे. झोप, चीड, बेचैनी, भूक आणि तलफ यांचा त्रास किती, ते रोज सायंकाळी शून्य ते तीन या अंकांत लिहावयाचे. आज बारावा दिवस. साठही घरांत मी सुवाच्य शून्य लिहिले आहे. फ्लोरा फाउंटनला अश्रुधुरात ठाम उभा राहिलेला मनुष्य विडीच्या धुराविना हळहळला, अशी नोंद इस्पितळाच्या दप्तरी होणे मला प्रशस्त वाटत नाही.

लोभ कोष्टकात बसत नाही. तो असाच असू द्यावा.

तुझा दादा

ठाकूरद्वार, १३ नोव्हेंबर

ती. दादांस चंपाचा सा. जयभीम वि. वि.

पदव्या वाचून शाळेतल्या बाई हसल्या. मी हसले नाही. काल वहिनी येऊन गेली. आमटीत मीठ कमी म्हणून तुम्ही ताट भिरकावले, बादलीवरून शेजारच्या बुधाजींशी भांडलात आणि मग गॅलरीत तोंड फिरवून रडलात, असे ती सांगत होती. याला तुम्ही शून्य म्हणता? माझ्या वर्गातली कार्टीसुद्धा याहून खरी उत्तरे लिहितात. परवा डॉक्टरांकडे जाण्याआधी आकडे दुरुस्त करा. तिथे कसली आली ऐट?

तुमच्या रागाची आणि मायेची सारखीच हक्कदार,
चंपा

नायगाव, १५ नोव्हेंबर

चि. चंपूस अनेक आशीर्वाद वि. वि. पदव्या आज स्थगित.

तुझे पत्र हाती पडले ते इस्पितळातून परतल्यावर. शून्यांची ती माळ पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. तीस वर्षे विड्या ओढणाऱ्याने त्या सोडल्या आणि त्याला साधी चीडही आली नाही, असे आपण कधी पाहिले नाही, म्हणाले. याचा अर्थ, त्यांच्या मते, मी अजून ओढतो आहे. एकवीस तारखेची माझी खाट त्यांनी दुसऱ्याच्या नावे केली. पुढची तारीख फेब्रुवारीत; आणि तोवर रोग थांबणार नाही, हेही त्यांनीच सांगितले.

मी शपथ घेतली. परंतु पंचाहत्तर शून्ये लिहिणाऱ्याच्या शपथेला वजन ते किती! चंपू, एकही झुरका घेतलेला नाही. तू तरी हे खरे मान.

हतबुद्ध,
दादा

ठाकूरद्वार, १८ नोव्हेंबर

ती. दादांस सा. जयभीम वि. वि.

तुम्हाला न सांगता वहिनी आणि मी आज डॉक्टरांना भेटलो. वहिनीने काखेत तुमचा जेवायचा पाट आणला होता. तिला लिहिता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ती पाटाच्या पाठीवर कोळशाने खुणा करीत होती. तुम्ही ओरडलात की रेघ, झोपेतून उठून बसलात की टिंब, रिकामा खिसा चाचपलात की फुली. अन् तुम्ही त्याच पाटावर बसून शून्ये मांडत होतात!

डॉक्टरांनी बोट ठेवून एकेक ओळ मोजली. चौथ्या दिवशीच्या खुणा ओळीत मावल्या नव्हत्या. मग त्या उतरत गेल्या. विडी खरोखर सोडली की असेच होते, म्हणाले. खाट परत मिळाली आहे. उद्याच भरती व्हा, म्हणून हे पत्र वहिनीच्याच हाती देते आहे.

मग नवरा खोटे का लिहितो, असे त्यांनी विचारले. वहिनी म्हणाली, आमची बेबी गेली तेव्हाही कुणी विचारले की हे ‘काही नाही’ म्हणायचे. वर्षभर तिचा फ्रॉक मात्र ह्यांच्या उशाखाली होता.

राग आला तर मोजून कळवा.
चंपा

परळ, २० नोव्हेंबर

चि. चंपूस अनेक आशीर्वाद वि. वि.

उद्या सकाळी आठ वाजता शस्त्रक्रियेला नेणार आहेत, म्हणून हे पत्र वॉर्डबॉयच्या हाती धाडतो. आजचे कोष्टक सिस्टर जसिंता यांच्यासमक्ष भरले : झोप तीन, चीड दोन, बेचैनी तीन, तलफ दोन. भूक शून्य; हे शून्य अस्सल आहे. शेवटी स्वहस्ते सहावा रकाना आखून त्यावर भीती असे लिहिले आणि खाली तीन मांडले. त्यापुढचा अंक वापरण्यास मनाई आहे. हे तुझ्या वहिनीला, सुंदराला, वाचून दाखव. फ्रॉक उशाखाली नव्हता, अभ्र्याच्या आत होता आणि अद्याप आहे, हेही सांग.

उभयतांनी सकाळी लवकर यावे, ही विनंती.

दादा

ता. क. पाट डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी ठेवून घेतला आहे. तो परत कधी मिळणार, अशी पृच्छा मी सिस्टरांकडे दोनदा आणि वॉर्डबॉयकडे एकदा केली. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. अस्सल सागवानी आहे, सुंदराच्या माहेरचा. घरी आल्यावर मी जेवायला बसायचे तरी कशावर?