मोठ्या बाईंच्या हातातला माउस

प्रिय मोठ्या बाई,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी म्हणाले, "निर्मळच्या एवढ्याशा शाळेत संगणक आणला तो बाईंनी." सगळ्यांनी माना डोलावल्या. खाली बसले आणि जाणवलं, एक गोष्ट मी गाळली. ती तुम्हाला ठाऊक होती आणि मला. म्हणून हे पत्र.

तो संगणक कसा आला, आठवतं? चौथीतल्या जेनिफरचे वडील मुंबईच्या एका ऑफिसात कामाला. तिथले जुने संगणक काढून टाकणार आहेत, असं ते सहज बोलले आणि तुम्ही त्यांच्या मागेच लागलात! केळी पोचवून परतणाऱ्या टेम्पोतून तो आला. शाळेतली वीज टिकेना, तेव्हा फादरनी चर्चच्या हॉलमागची खोली दिली. देवळाजवळच्या सुतारांनी टेबल करून दिलं. दोन खोल्यांच्या शाळेसाठी अख्खं गाव कामाला लावलंत.

आणि शिकवणार कोण? मी! मनवेलपाड्याच्या चाळीतून रोज येणारी नवखी शिक्षिका, विरारच्या संगणक क्लासात तीन महिने बसलेली. केवढा तोरा होता मला!

तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तरी तुम्ही मुलांच्या रांगेत उभ्या राहायचात. नंबर आला की चष्मा पुसून बसायचात. माउस घट्ट धरायचात. बाण पडद्याच्या कडेला अडकला की मुलं ओरडायची, "मोठ्या बाई, डावीकडे!" तुम्ही हसून म्हणायचात, "ह्यांना मी पाढे शिकवले, आता हे मला डावं-उजवं शिकवतात." महिनाभरात तुम्ही पडद्यावर एक कौलारू घर काढलंत. दार जरा वाकडं, पण घर होतं.

मग तपासणीला साहेब आले. पालक, फादर, सुतार, सगळे दारात उभे. साहेब म्हणाले, "मुख्याध्यापिकांनीच दाखवावं." तुम्ही घर काढायला घेतलंत. भिंती झाल्या, छप्पर चुकलं. पुन्हा चुकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एवढंच! आणि मी पुढे होऊन म्हणाले, "सरका बाई, मी करते." तुमच्या हातातला माउस ओढूनच घेतला. मिनिटभरात घर, झाड, सूर्य. साहेब "वा" म्हणाले.

तुम्ही उठून मागे उभ्या राहिलात. त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसला नाहीत.

मला तेव्हा कळलं नव्हतं का? खरं सांगते, त्याच दिवशी कळलं होतं. पण शाळेला शाबासकी मिळाली होती ना! पुढे एकदा म्हणाले, "बाई, तुमचा नंबर." तुम्ही म्हणालात, "मुलांना दे, त्यांनाच वेळ पुरत नाही." रागावला असतात तर माफी तरी मागता आली असती. तेवढीही सोय ठेवली नाहीत तुम्ही!

उलट रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटली की गावातल्या बायकांना त्या खोलीकडे तुम्हीच वळवायचात. भातशेतीच्या गावातून लग्न होऊन आलेली रोझी दारातच थबकली होती. "मला कोन शिकवनार? माझा हात चिखलातला."

"ही सुनीता शिकवील," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून हळूच, "फक्त तिला चुकू दे हं."

त्या दिवसाबद्दल तुम्ही जे काही बोललात ते एवढंच. रोझी पुढे तिथेच मुलांना शिकवू लागली.

निवृत्तीनंतर दर नाताळात मी तुमच्याकडे यायचे. माफीचं वाक्य ओठांवर असायचं. तुम्ही शाळेची खबरबात विचारायचात, मी सांगत बसायचे आणि निघायची वेळ व्हायची. किती नाताळ गेले असे?

आता शाळेत एक नवी शिक्षिका आली आहे. हुशार आहे, बोटं भराभर चालतात, आणि धीर अजिबात नाही. सोमवारपासून पालकांना संगणक शिकवायचं काम तिच्याकडे आहे. पहिला तास सुरू होण्याआधी मी तिला समोर बसवून ही सगळी हकिकत सांगणार आहे. "एक शिक्षिका होती" असं म्हणून नाही. माझ्या नावानिशी सांगेन, बाई.

तुमच्याकडूनच शिकलेली,
सुनीता