बाबांनी वाजवलेल्या टाळ्या

कास्तेल्रोव्हो,
जूनअखेर

प्रिय नेव्हियो,

कालपासून मी हे पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. आधी नदीला पाणी किती चढलंय ते लिहिलं, मग पलीकडच्या रस्त्याच्या डांबराचं लिहिलं. शेवटी माझं मलाच हसू आलं. म्हटलं, इल्दे, भावाला लिहितेयस की नगरपालिकेला? पान चुलीत टाकलं. आता जे आहे ते लिहिते. मध्येच ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या रविवारबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही. जो हरेल तो खालच्या श्रेणीत, असा सामना. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो आणि तुम्ही मोन्ताल्बावाले बुडणार होतात. सकाळपासून गावात कोणी 'वाचलो' हा शब्द तोंडातून काढला नव्हता, दृष्ट लागेल म्हणून. बारवाल्या क्विंतोने तर मागच्या विजयाच्या वेळचा शर्ट धुतलाच नव्हता. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले, पण 'धू' असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. गंमत बघ, तुला मोन्ताल्बाला विकलं कोणी? यांनीच! पैसे घेऊन मैदानाला नवं छप्पर केलं, आणि त्याच छपराखाली बसून तुला शिव्या घातल्या. तू चेंडूला पाय लावलास की 'गद्दार, गद्दार' सुरू. बाबा माझ्या शेजारी टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. मी विचारलं, 'बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूनं?' तर म्हणाले, 'मी? मी घड्याळाच्या बाजूनं. लवकर संपो एकदाचं.'

सामना संपत आला होता. सगळं मैदान पंचाकडे बघून शिट्टी मार म्हणून ओरडत होतं, आणि तेवढ्यात तू डाव्या पायाने तो गोल मारलास. तू उड्या मारल्या नाहीस, हात वर केले नाहीस, मान खाली घालून चालत गेलास. मी पाहिलं ते. गावानेही पाहिलं असतं, कदाचित विसरूनही गेलं असतं. पण सगळे सुन्न झाले होते ना, त्या शांततेत टाळ्यांचा आवाज आला. एकाच माणसाच्या. मी बाबांचे हात धरले तोवर उशीर झाला होता. अख्खं छप्पर मागे वळून बघत होतं. घरी येताना मी त्यांच्यावर चिडले, काय म्हणून वाजवल्यात? म्हणाले, 'मी कुठे वाजवल्या? वाजल्या त्या. पोरगा पहिल्यांदा चालला तेव्हाही अशाच वाजल्या होत्या.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, वस्तऱ्यांना धार लावली, पाणी गरम केलं. कोणी फिरकलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बापजन्मात कधी दाढी न ठेवलेल्या माणसांनी दाढ्या राखल्या. क्विंतो नदीपलीकडच्या न्हाव्याकडे जाऊन गाल कापून घेऊन आला. बाबा दारातून ओरडले, 'क्विंतो, दाढी केलीय की कोंबडी सोललीय रे?' एरवी क्विंतोने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून शेवटी वाइन पाजली असती. त्या दिवशी तो खाली बघून निघून गेला. बाबा आत आले आणि आरसा पुसत बसले. स्वच्छ आरसा, नेव्हियो, तरी पुसत बसले.

मग ती निधनपत्रकं लागली. कोणाचा संघ खाली गेला की शेजारच्या गावाने त्याची काळ्या चौकटीची पत्रकं भिंतींवर लावायची, रिकामी शवपेटी चौकातून मिरवायची, ही आपल्याकडची जुनी थट्टा. तूही एकदा पुढचा खांदा दिला होतास आणि हसून हसून पेटी पाडली होतीस. पण ही पत्रकं आपल्याच गावाने छापली होती, आणि वर संघाचं नाव नव्हतं. 'ओत्तोरीनो गार्दिनी, न्हावी, स्वतःच्या पोराच्या पायाने रविवारी दुपारी निवर्तले. अंत्ययात्रेला टाळ्या वाजवत यावे.' बाबांनी चष्मा लावून नावापासून वयापर्यंत सगळं वाचलं. म्हणाले, 'वय दोन वर्षांनी वाढवलंय हरामखोरांनी.' पोरांनी घंटाघरात चढून मयताची घंटासुद्धा वाजवली. आणि तेवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून तुला 'बाबा गेले' अशी तार केली.

तू आलास. काळा टाय लावून चौकातून धावत आलास, बारच्या पायऱ्यांवर सगळे टाळ्या वाजवत होते, आणि दुकानात बाबा जिवंत, हातात ब्रश. तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू क्विंतोच्या अंगावर धावून गेला असतास, मी आणि बाबांनी तुला आत ओढलं. बाबांनी तुला खुर्चीत बसवून तुझी दाढी केली. काय आनंद झाला होता त्यांना! कित्येक दिवसांत पहिलं गिऱ्हाईक. जाताना तू मला दारात म्हणालास, 'ताई, आता या गावातून साक्षात पोपची तार आली तरी येणार नाही.' बाबांनी ते ऐकलं होतं. तू गेल्यावर जो भेटेल त्याला, म्हणजे मला आणि मांजराला, सांगत राहिले, 'उन्हाळ्यात येईल तो. तोवर यांचा राग उतरेल. मग आम्ही दोघं क्विंतोच्या बारमध्ये जाऊ, कॉफी घेऊ, बस.' एवढंच हवं होतं त्यांना. पोराने घरी यावं आणि गावाने त्याला बसायला खुर्ची द्यावी. दुसरं काही मागितलं नाही त्या माणसाने.

मी उगाच लांबण लावतेय. नेव्हियो, बाबा गेले. गेल्याच्या गेल्या गुरुवारी. जेवायला हाक मारली, ओ आली नाही. खाली दुकानात गेले तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसले होते, मान एका बाजूला, मांडीवर दुमडलेला टॉवेल. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलं नसेल त्यांना. डॉक्टरांना काय कळतंय कोणाला काय कळलं ते! गावातल्या प्रत्येक मयताची शेवटची दाढी बाबांनी केली, दारुड्यापासून महापौरापर्यंत. त्यांची करायला कोणी नव्हतं, मीच केली. हनुवटीखाली एवढंसंसुद्धा कापलं नाही. तुला हे सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी मी छापखान्यात पत्रक छापून घेतलं. छापखाना एकच, अक्षरांचे खिळे तेच, काळी चौकट तीच. मी स्वतः खळीचा डबा घेऊन भिंतीभिंतीवर लावत फिरले आणि लोक माझ्याकडे बघून हसले. बाई वेडी झाली, आता स्वतःच थट्टेत सामील झाली, असं वाटलं त्यांना. बारच्या दारातून क्विंतो म्हणाला, 'इल्दे, हा ओत्तोरीनो मरणार तरी किती वेळा?' मी त्याला सांगायला हवं होतं. पण खरं सांगू, मला सांगायचं नव्हतं. मी पुढच्या भिंतीला खळ लावली. रात्री घंटा वाजली तेव्हा पोरं पुन्हा वर चढली म्हणून खिडकीतून कोणीतरी शिट्टी मारली. घरी जागायला फक्त म्हातारे फादर आले.

अंत्ययात्रेला पेटी उचलायला माणसं मिळेनात, म्हणून शेजाऱ्याची भाजीची हातगाडी घेतली. पुढे फादर, मागे मी. चौकात आलो आणि बारच्या पायऱ्यांवरचे सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं, टोप्या काढतील. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अरे, त्यांना पेटी रिकामीच वाटली! हसत होते, 'शाब्बास ओत्तोरीनो' म्हणून ओरडत होते, आणि हातगाडीचं चाक दगडात अडकलं म्हणून मला तिथेच थांबावं लागलं. मी गाडी ढकलू लागले, ती हलेना. रिकाम्या पेटीला एवढं वजन नसतं, हे सगळ्यात आधी क्विंतोच्या लक्षात आलं असावं. त्याचे हात थांबले. मग शेजारच्याचे. एकेक करून सगळे थांबले. क्विंतो खाली आला, पांढराफटक पडला होता, 'खरंच?' एवढंच म्हणाला. मी म्हटलं, 'वाजव की, वाजव, थांबलास का?' त्याने गाडीला खांदा लावला. मग सगळे मागून चालत आले, दाढ्या वाढवलेले ते सगळे, काही तर रडत होते. मला त्यांचं रडणं नको होतं. अजूनही नकोय. रोज कोणीतरी दारात सूपाचं भांडं ठेवून जातं, मी ते मांजराला घालते.

आणि आता तेच लोक कुजबुजतात की पोरगा बापाच्या मातीलाही आला नाही. मी कोणाला उत्तर दिलेलं नाही. पण तुला द्यायला हवं, म्हणून हे पत्र. गुरुवारी बाबांच्या अंगावर चादर घातल्यावर पहिलं काम मी केलं ते पोस्टात जाण्याचं. तुझ्यासाठी दफनविधी एक दिवस थांबवला, मोन्ताल्बाहून येणारी प्रत्येक बस बघितली. दफन करून घरी आले तर पोस्टातली पोरगी दारात उभी होती, तार घेऊन. तार बाबांच्या नावावर होती. तिला काय करावं कळेना, मीच फोडली. तू लिहिलं होतंस, 'बाबा, या खेपेला नाही फसलो. हसू आलं. राग गेला माझा. उन्हाळ्यात नक्की येतो, क्विंतोकडे कॉफी घेऊ.' नेव्हियो, या खेपेला तुला आलेली तार पोरांनी केली नव्हती रे. मी केली होती.

तुझीच ताई,
इल्दे