साठ वाव पाणी

३ जुलै, गुरुवार

दुपारच्या फेरीबोटीने पोचले. तीन खोकी, एक सूटकेस आणि माझी पंधरा फुटी होडी, तीही डेकवर बांधून आणली. स्किलेट कोव्ह गावाच्या धक्क्यावर पाय ठेवते न ठेवते तोच हेडली स्किनर पुढे आले. धक्क्याचा कारभार त्यांच्याकडे. वय सत्तरीला टेकलेलं, सगळं गाव त्यांना स्किपर, म्हणजे कप्तान, म्हणतं. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "आम्हाला होडी चालवायला शिकवणाऱ्या बाई त्या तुम्हीच काय?"

"तुम्हाला नाही हो. उन्हाळ्यात येतात त्या हौशी लोकांना."

"मग हरकत नाही. ते बुडतात फार."

काम सोपं आहे. धक्क्याच्या टोकाला एक खोली, तिच्यात रेडिओ आणि भिंतीवर समुद्राचा नकाशा. बाहेर जाणाऱ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का बघायचं, हवामान सांगायचं, कुठे जाणार आणि कधी परतणार ते लिहून घ्यायचं. बावीस वर्षं फेरीबोटीवर काम करताना मी पाण्यातून माणसं काढली आहेत, जिवंत कमी आणि मेलेली जास्त. आता ती बुडायच्या आधीच दोन शब्द सांगायला मिळणार याचा आनंद आहे.

संध्याकाळी शेजारच्या एफी डर्नफर्ड गरम पाव आणि काकवी घेऊन आल्या. म्हणाल्या, मला एफीमावशी म्हण. एकावन्नाव्या वर्षी नवी मावशी मिळाली!

५ जुलै, शनिवार

एक गोष्ट कळत नाही. बंदराच्या तोंडाशी दोन बेटं आहेत, थोरली गॅनेट आणि धाकटी गॅनेट. दोहोंमधून सरळ वाट आहे. नकाशावर खोली अठरा वाव, म्हणजे शंभर फुटांहून जास्त, आणि एकही खडक नाही. तरी गावातली प्रत्येक होडी डावीकडे वळून थोरलीला बाहेरून वळसा घालते. त्या बाजूला लाटा अशा उसळतात की लहान होडी कलंडायला वेळ लागणार नाही.

स्किपरना विचारलं. म्हणाले, "आम्ही मधून जात नाही."

"पण का?"

"जात नाही म्हणून जात नाही. चहा घेता?"

७ जुलै, सोमवार

आज स्वतःच मधून जाऊन आले. होडीवरचं खोली दाखवणारं यंत्र सगळीकडे अठरा दाखवत होतं. पाणी आरशासारखं. संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. लहान होड्यांनी बाहेरचा वळसा टाळावा, बेटांमधली वाट सुरक्षित आहे. चाळीस प्रती काढल्या.

एफीमावशींनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "तू स्वतः गेलीस का गं मधून?" मी हो म्हटलं.  त्या पाव न खाताच उठून गेल्या. पाव त्यांनीच आणला होता.

९ जुलै, बुधवार

वॉलेस आणि जनीन पार्डी हे गँडर शहरातलं जोडपं. खाडीपलीकडे त्यांची उन्हाळी झोपडी आहे. कॉड मासे पकडायला निघाले होते. त्यांना पत्रक दिलं, मधली वाट नकाशावर दाखवली. चारला परतू म्हणाले आणि पावणेचारला परतले. मला एक मोठा कॉड देऊन गेले. वॉलेस म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे बायकोला आज ओकारी झाली नाही. पहिलीच वेळ!"

जनीन त्याला कोपर मारून हसली. मग मला म्हणाली की त्या वाटेवर तळ किती सुंदर दिसतो. पांढरी वाळू, अगदी हात घालावा अशी.

शंभर फूट खोल पाण्याचा तळ दिसत नाही.  उथळ बाजूने गेले असतील.

११ जुलै, शुक्रवार

बंदराबाहेर, बेटांपासून पुष्कळ लांब, नकाशावर चाळीस वाव आहेत तिथे माझं यंत्र बारा दाखवत होतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून शिशाचं वजन दोरीला बांधून सोडलं. बारा वावांवर टेकलं. वर काढलं तर वजनाच्या बुडाला पांढरी वाळू चिकटलेली.

स्किपरची होडी जवळच होती. त्यांना विचारलं, तुमच्याकडे किती? ते ओरडले, "चाळीस! का?"

काही नाही म्हटलं.

१४ जुलै, सोमवार

सात.

जागा वेगळी. भरतीची वेळ. स्किपरच्या यंत्रावर पन्नास, माझ्यावर सात. आम्ही एकमेकांच्या हाताला हात लागेल इतके जवळ होतो. त्यांनी माझा आकडा पाहिला आणि काही न विचारता माझी होडी दोराने बांधून धक्क्यावर ओढून आणली. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "आता ही होडी पाण्यात घालायची नाही."

पार्डींना सावध करायला खाडीकाठच्या पायवाटेने गेले. झोपडीला कुलूप होतं. दोघं बुधवारपर्यंत गँडरला, असं शेजारी म्हणाले. फोन लागला नाही.

१६ जुलै, बुधवार

सगळं लिहून ठेवते.

पार्डी सकाळीच आले आणि झोपडीवरूनच थेट पाण्यावर गेले. माझ्याकडे नोंद नाही. बाराच्या सुमारास रेडिओवर वॉलेसचा आवाज आला. विरळ धुकं होतं, समुद्र शांत. तो म्हणाला, "बाई, आम्ही टेकलोय. वाळूवर."

कुठे आहात विचारलं. त्याने जागा सांगितली. मी नकाशावर बोट ठेवलं. साठ वाव.

त्याला सांगितलं, होडीतून हलू नका, स्किपर निघालेत. तो हसला. म्हणाला, "अहो, घाबरू नका. जनीन उतरली पण. गुडघ्याएवढं पाणी आहे. होडी ढकलून काढतो."

मी ओरडले. तिला वर घ्या म्हणून ओरडले, पुन्हा पुन्हा. तो रेडिओ चालू ठेवूनच तिच्याशी बोलत होता. अगं, थांब ना, इतकी लांब कुठे चाललीस? मग मला म्हणाला, "एक मिनिट हं बाई."

त्यानंतर फक्त पाण्याचा आवाज.

स्किपर पंचवीस मिनिटांत पोचले. होडी तरंगत होती. खाली साठ वाव. बाकावर दोन लाइफ जॅकेटं घडी करून ठेवलेली. बाकाखाली जनीनचे बूट, मोजे आत नीट खुपसलेले.

१७ जुलै, गुरुवार

एफीमावशी सकाळपासून माझ्याजवळ बसून आहेत. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत?

"काय सांगणार होते? त्या बेटांमधली, पाण्याखालची जमीन मधून जाणाऱ्याला ओळखते आणि त्याच्या मागे येते? तू हसली असतीस, पोरी. आणि मी सांगायच्या आत तू जाऊनही आलीस."

त्यांचा नवरा तरुणपणी एकदा मधून गेला होता. दोन-तीन दिवसांनी त्याच्या होडीखाली, भर समुद्रात, वाळू दिसू लागली. तो शहाणा. परत कधी पाण्यावर गेला नाही. चाळीस वर्षं जाळी दुरुस्त करून पोट भरलं आणि आपल्या बिछान्यात मेला. "जमिनीवर राहा. खऱ्या जमिनीवर. मग ती दुसरी काही करत नाही."

इथून बाहेर जायला रस्ता नाही. फक्त फेरीबोट. तीत तीस-चाळीस माणसं असतात. माझ्यापायी तीही टेकली तर? मी नाही बसणार.

उरलेली पत्रकं मोजली. एकतीस. नऊ वाटली गेली.

१८ जुलै, शुक्रवार

पार्डी धरून आठ ठिकाणं कळली. सात जणांना फोन केले. पाच जण बाहेरच्या वळशानेच गेले होते. दोघं मधून गेले होते, त्यांनी होडी विकायचं वचन दिलं. एक रडला. त्याला वाळू आधीच दिसली होती.

नववं पत्रक हॅलिफॅक्सच्या मूर्स बहिणींकडे. शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरताहेत. रेडिओ बंद. उद्या परततील.

१९ जुलै, शनिवार

९.४० — अजून नाहीत.

११.१५ — आल्या रेडिओवर. धाकट्या बहिणीचा आवाज. टेकलो आहोत म्हणते. थोरली पाय बाहेर टाकून बसली आहे. मी सांगितलं, तिला धरून ठेव, कमरेला दोर बांध, कारण विचारू नकोस. स्किपर मासेमारीला गेलेत, त्यांना निरोप दिला, अर्धा तास लागेल. माझी होडी दहा मिनिटांत पोचते.

एफीमावशी दाराशी आडव्या उभ्या आहेत. मी म्हटलं, पत्रक माझं आहे, मावशी. त्या बाजूला झाल्या.

१२.०५ — होडीतच लिहिते आहे. दोघी सुटल्या. मी पोचले तेव्हा थोरली गुडघाभर पाण्यात उभी होती, धाकटीने दोर दोन्ही हातांनी ओढून धरला होता. दोघींनी मिळून तिला वर घेतलं. ती मला बोचकारत होती. मग स्किपर आले. त्यांनी लांबूनच दोर फेकला आणि बहिणींची होडी खेचली. बुडाखाली खर्रर्र आवाज झाला, मग सुटली.

तेवढ्यात माझी टेकली.

दोन होड्या ओढायची ताकद त्यांच्या इंजिनात नाही, आणि मी बहिणींच्या होडीत चढले तर तीही पुन्हा टेकेल. स्किपर ओरडून म्हणाले, "व्हेरा, यांना बेटावर सोडतो आणि आलोच. वीस मिनिटं. पाण्याकडे बघू नकोस. लिहीत बस. काहीही लिही, पण मान वर करू नकोस!"

पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्यांनी.

१२.१२ — लिहिते आहे. यंत्रावर आकडा नाही. होडी जराही हलत नाही, घरातल्या खुर्चीसारखी. धुकं आलं. स्किपरचं इंजिन अजून ऐकू येतं.

१२.१५ — आता नाही येत.

१२.१६ — कुणीतरी चालतंय. पाणी तुडवत, सावकाश. दोघं असावीत. मी मान वर केलेली नाही. जनीन विचारते आहे की बाई, तुम्ही अशा एकट्या का बसलात. आवाज अगदी चांगला आहे तिचा. ओकारी झाली नाही म्हणते.

१२.१८ — बोलत नाही मी. वॉलेस होडीच्या काठावर हात ठेवून उभा आहे. बोटं दिसतात. कोरडी आहेत.

फार जण आहेत. हसताहेत, हाका मारताहेत. कुणी स्किपरचं नाव घेतं. कुणी माझं. फेरीबोटीवर असताना मी पाण्यातून ज्यांना मेलेलं काढलं होतं त्यांच्यातला एक तर माझ्या

१२.१९ — इंजिन! स्किपरचं. लांब आहे पण येतंय. अजून पाच मिनिटं. वाळू उबदार आहे म्हणतात. पेन्सिलीचं टोक झिजलं. मान वर नाही करायची. फक्त ते कुठपर्यंत आलेत तेवढं बघ