कुंडातला जीव काय खातो

४ फेब्रुवारी
सरांची मुलाखत पेपरात. ‘गरम कुंडातला जीव फिनॉल पचवतो.’ जीव मी शोधला, फोटो सरांचा. हा आर्किया, बॅक्टेरियासारखाच पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, पालघरच्या लॅबमध्ये एकदाही वाढला नाही, किती लाड केले तरी. म्हणून कुंडाच्या चिखलातला सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचला, तुकडे जुळवून याचा जीनोम उभा केला. त्यात फिनॉल, म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्यातलं विष, फोडणारी जनुकं निघाली. एवढंच मी अहवालात लिहिलं. घरात पाटा-वरवंटा आहे म्हणून रोज वाटण होतं असं नाही, हे सरांना म्हटलं. पेपरवाल्यांना एवढं कोण सांगत बसणार, म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

११ फेब्रु.
कुंडाजवळच्या पाड्यावरच्या रघूदादाचा जबडा फोडला. बोईसरकडून आलेला कंपनीच्या सांडपाण्याचा टँकर कुंडाच्या वरच्या अंगाला, ओढ्यात रिकामा करत होते, भरदिवसा. दादा आडवा गेला. ड्रायव्हरने लोखंडी टॉमी हाणली. मग पाड्याने ड्रायव्हरला तुडवला, टँकर पेटवला. मी पोचले तेव्हा टायर जळत होते, ओढ्याला फिनॉलचा उग्र वास येत होता. कमळीताई, दादाची बायको, त्याच्या तोंडातलं रक्त पदराने टिपत होती. मला कुंडावर नेहमी तीच नेते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१४ फेब्रु.
पाड्यावर बैठक. कंपनीच्या माणसाने तीच मुलाखत वाचून दाखवली. तुमच्याच कुंडातले जीव हे पचवतात, मग नुकसान कसलं? चोराच्या उलट्या बोंबा. कमळीताई उठून माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत कानशिलात लगावली. “तूच लिवलंस ना बाय, तो इख खातो म्हून?” मी तिचा हात धरून पिरगळला. हो, पिरगळला. बायकांनी सोडवलं. लाज वाटते. राग त्याहून जास्त आहे आणि तो तिच्यावर नाही.

१७ फेब्रु.
सगळा डेटा पुन्हा उपसला. कुंडाच्या चिखलासोबत तेव्हाच ओढ्याचाही वेगळा नमुना घेऊन ठेवला होता. त्यात आमचा आर्किया औषधालाही नाही, पण फिनॉलच्या जनुकांचा तुकडा भरपूर. म्हणजे तुकडा त्याचा नव्हेच, ओढ्यातल्या कुणा बॅक्टेरियाचा. कुंडात आला कसा?
कमळीताईचा तांब्या! कुंडातून काही घेण्याआधी ती ओढ्याचं पाणी आत ओतते. देवीचा ताप उतरल्याशिवाय हात घालायचा नाही. मी दर वेळी हात जोडले आणि त्याच कडेचा चिखल भरला. एवढी शिकलेली गाढवीण.

१९ फेब्रु.
सरांना दाखवलं. शांतपणे म्हणाले, “गावकऱ्यांनी नमुना बिघडवला असं म्हणता येईल.”
हातातला चंबू भिंतीवर फोडला. काच उडून त्यांच्या गालाला लागली, रक्त आलं. वाईट वाटलं नाही. उद्यापासून लॅबमध्ये येऊ नकोस, म्हणाले. घरी आई म्हणते, तुझ्या हाताला आवर घाल. आमच्या बेटेगावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

२३ फेब्रु.
दवाखान्यात गेले. दादाचा जबडा तारांनी बांधलाय, नळीने पेज घेतो. कमळीताई बाजूला सरकली, बसायला जागा दिली. सगळं सांगितलं, तांब्याचंही. तिने दादाची नळी सरळ केली. मग विचारलं, मंग तो कुंडातला काय खातो? म्हटलं, माहीत नाही.
ओढ्यातल्या जीवांकडे ती जनुकं आहेत म्हणजे ओढ्यात आधीपासून इख येतंय, हे तिने स्वतःच ताडलं. उद्या टँकरच्या चौकशीत प्रांतांसमोर तेवढंच बोल, म्हणाली. मलाही तसंच वाटतं. पण अशी जनुकं स्वच्छ पाण्यातही सापडतात, पानं कुजली तरी. नुसत्या जनुकांवरून शपथेवर सांगता येत नाही. टँकरच्या दिवशीचा वास सांगेन, आधीचं कसं सांगू? मला खात्री नाही गं, म्हटलं.
“तवा तरी कुठं व्हती? तवा बोललीस ना?”
दादा डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होता. जबानी उद्या.