भुऱ्यासकट खोली

कार्तिक व. ३
मोगलाई सुटली. जालन्याहून बैलगाडीने निघालो, मी आणि माझा कुत्रा भुऱ्या. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाने जकातीसाठी ट्रंक उघडली, पुस्तकं उलटीपालटी केली, मग भुऱ्याकडे बोट. "हा माल आहे का?" माल! म्हटलं, घरचा माणूस आहे. शिपाई हसला, गाडीवान हसला. मला हसू आलं नाही. मेहकरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून चालले आहे आणि राहायचा पत्ता नाही.

कार्तिक व. ६
मेहकर. एका घरी सोवळं, दुसऱ्या घरी कोंबड्या. तिसऱ्या घरची म्हातारी सरळ म्हणाली, "बाई, तुमी राहा. कुत्रं मोगलाईत धाडून द्या." विधवा चालते, कुत्रा चालत नाही. इंग्रजी मुलखाची सुधारणा म्हणायची ही! सध्या शाळेच्या ओसरीवर मुक्काम. भुऱ्या उंबऱ्याशी आडवा पडतो म्हणून माझा डोळा लागतो. त्याच्याशिवाय परक्या गावात एकटी राहणं मला जमणार नाही. नाही म्हणजे नाही.

कार्तिक व. ८
खोली मिळाली! नारायण पाटलांच्या घरामागची. मी नेहमीचं पालुपद सुरू केलं. गरीब आहे, चावत नाही, मी "घे" म्हटल्याशिवाय भाकरीला तोंडसुद्धा लावत नाही. पाटलीणबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. "आमचा काळ्या मेला तवापासून आंगन सुनं हाये. कुत्रा हाये म्हनूनच तर खोली देऊन राह्यलो, बाई." भाडं विचारायचंही राहून गेलं.

मार्गशीर्ष शु. १
खंडोबाचे घट बसले. पाटलांचं कुलदैवत, माझ्या माहेरचंही. पाटलीणबाई भुऱ्याला अंघोळ घालतात, अंगाला तेल लावतात. जालन्यात त्याला दगड मिळायचे. लाड चाललेत गड्याचे.

मार्गशीर्ष शु. ६, चंपाषष्ठी
बोटं अजून पिवळी आहेत. तळी उचलली, येळकोट झाला. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे. पहिलं पान कुत्र्याला. आणि भुऱ्या जागचा हलेना! कुत्र्याने नैवेद्य टाकला तर वर्षभर घरावर देवाचा कोप, कोणीतरी पुटपुटलं. पाटलीणबाईंनी भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढे धरली. "बाई, तुमच्याच हातानं लावा त्याले. अन् तुमीच जेवू घाला."
माझ्या हाताने! हे गेल्यापासून देवाच्या कुठल्या कामाला मला कोणी हात लावू दिलाय? भंडारा लावला, "घे" म्हटलं. पान चाटूनपुसून साफ. बायकांनी मला पंगतीत मधे बसवलं. ताटावर रडू आलं, इतकी मी खुळी.

मार्गशीर्ष शु. ९
पाटील दारात. मुलगा सुनेला घेऊन यायचाय, पौषात खोली रिकामी करून द्या म्हणाले. बरं म्हटलं, आम्ही दोघं दुसरीकडे बघू.
"दोघं? कुत्रा कसा जाईन, बाई? देवाले दिला ना तुमी."
मी? कधी?
"मालकानं भंडारा लावला, पान देल्लं, समद्या भावकीसमोर. मंग तो देवाचा. मरेपावतो इथंच."
आमच्याकडेही कुत्र्याला भंडारा लावतात, पण दिवस मावळला की कुत्रा ज्याच्या त्याच्या दारी. हे सांगितलं तर ते खरोखरच गोंधळले. लबाडी नाही त्यांची. असती तर भांडले असते. "मंग लावला काऊन, बाई?"
काय सांगू? मला मान दिलात म्हणून?

मार्गशीर्ष शु. १०
देवघरापुढच्या ओट्याला बांधलाय. नवा दोर. माझ्या खोलीचा उंबरा रिकामा. शाळेत काय शिकवलं आठवत नाही. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, देवाचं परत मागू नका, गावात राहायचंय तुम्हाला. वर म्हणाल्या, खोली मी बघते, आता तुमच्यामागे काही अडचण नाही.
अडचण!

मार्गशीर्ष शु. १२
तो त्यांच्या हातचं काहीच खात नाही. बरगड्या दिसायला लागल्या. आज पाटलीणबाई आल्या, डोळे सुजलेले. "मरन तो, बाई. एक डाव माझ्या हातावर हात ठेवून 'घे' म्हना. मंग माझ्या हातचं बी खाईन." राग यायला हवा होता. आला नाही. भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढे धरणारा हात तोच.
वही घेऊन ओट्याशी बसले आहे. दुधात कुस्करलेली भाकरी समोर. पलीकडे त्या. भुऱ्या भाकरीकडे बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघतो आहे.