भाऊसाहेबांच्या आतला माणूस

सोमवार, १ तारीख

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. कारखाना बंद पडल्यापासून घरातच होतो. या वयात सिनेमात काम मिळेल असं कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो. ही तर सकाळी हसलीच. म्हणाली, तोंड दिसणार नाही म्हणूनच घेतलं असेल तुम्हाला.

खोटं नाही ते. सिनेमा एका यंत्रमानवाचा आहे. एका म्हाताऱ्या बाईची सेवा करता करता तो माणूस होत जातो. यंत्रमानव म्हणजे रबर आणि पत्र्याचा पोशाख, आणि त्याच्या आत मी. सेटवर सगळे त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. निवडीच्या वेळी न हलता उभं राहायला सांगितलं होतं. पहाटे देवासमोर उभा राहतो, तसाच मनात नाव घेत राहिलो. बाकीच्यांची चुळबूळ सुरू झाली, माझी नाही. त्याची कृपा.

दिग्दर्शकांचा एक नियम आहे. पाठीची कडी लागली की सुट्टी होईपर्यंत आतल्याने बोलायचं नाही आणि त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी आत माणूस आहे हे विसरावं, म्हणून. कडी लावताना कपडेपटाच्या मावशी हळूच म्हणाल्या, पाणी बेतानं प्या हो.

गुरुवार, ४ तारीख

म्हातारी मरते आणि भाऊसाहेब तिच्या उशाशी बसून प्रार्थना करतो, हा प्रसंग सकाळपासून चालला होता. मी आत खरोखरच प्रार्थना करत होतो. आईने शिकवलेली, तिच्याच चालीत. दिग्दर्शक माझ्याकडे न बघता वैतागून सगळ्यांना सांगत होते की आत कुणी माणूस आहे असं वाटतच नाही. कुणीतरी म्हणालं, भाऊसाहेबांना तेल घाला. सगळे हसले.

दुपारनंतर लघवी आवरेना. बोलायची तर बंदी. शेवटी जे व्हायचं ते झालं. पन्नाशीला आलेला माणूस मी. मावशींनी कडी काढली, त्यांना कळलंच. साबण आणि बादली ठेवून निघून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एकट्याने अस्तर धुतलं. घरी सांगितलं नाही.

शुक्रवार, ५ तारीख

आज दिवे बदलायला वेळ लागणार होता. पडद्यामागे जाऊन उलट्या हाताने कडी काढली, पोशाख लोखंडी घोडीवर टांगला आणि संडासाकडे पळालो.

परत आलो तर घोडी रिकामी.

सेटवर प्रसंग चालू होता. भाऊसाहेब म्हातारीच्या उशाशी बसले होते. तिच्या कपाळावरची बट त्यांनी बोटाने मागे सारली. असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सुचलंही नव्हतं. पाठीची कडी उघडीच होती आणि मी होतो तिथून आतलं अस्तर दिसत होतं. आत कुणी नव्हतं.

प्रसंग संपला तसा तो पडद्यामागे आला, घोडीला टेकला आणि सैल पडला. मावशींची चाहूल लागली. काय करतो आहे हे कळायच्या आत मी आत शिरलो. अस्तर कोमट होतं.

मावशींनी मला बाहेर काढलं तेव्हा टाळ्या वाजल्या. दिग्दर्शकांचे डोळे भरले होते. म्हणाले, आज पहिल्यांदा आत माणूस दिसला.

मी हात जोडले. 

सोमवार, ८ तारीख

आता आत शिरावंच लागत नाही. पडद्यामागे खोक्यावर बसून राहतो. काम तो करतो, शाबासकी मी घेतो. हिने शेजारच्या वहिनींना सगळं रंगवून सांगितलं आहे. रोज ठरवतो, आज खरं सांगेन. ही कौतुकाने बघते आणि जीभ उचलत नाही.

बुधवार, १० तारीख

पहाटे देवासमोर उभा राहिलो. प्रार्थनेची पहिली ओळ आठवेना. चालही नाही. पाय चुळबुळत होते.

दुपारी सेटवर तीच ऐकली. त्या पत्र्याच्या आतून. आईच्या चालीत —

गुरुवार, ११ तारीख

शूटिंग बघायला ही आली. थेट त्याच्याकडे गेली. तुमचं उभं राहणं लांबूनच ओळखलं, म्हणाली. त्याच्या छातीवर हात ठेवला.

मी शेजारीच होतो. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, भाऊ, जरा सरकता का.

मी सरकलो. देवा, मी सरकलो —

शुक्रवार, संध्याकाळ

आज घोडी रिकामीच. मावशी म्हणाल्या, भाऊसाहेब घरी गेले. मला ‘कोण हवंय’ म्हणून विचारलं.

घराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. दार अर्धं उघडं. तो माझ्या खुर्चीत. ही वाढते आहे, हसते आहे. एक हाक मारली तर —

पण मग सगळंच सांगावं लागेल. टाळ्या. बादली. माझ्यापेक्षा तोच —

तिने बाहेर पाहिलं. पायरीवर कोण बसलंय, असं त्याला विचारते आहे. मी हललो नाही. हलता येत —

तो दारात आला. माझ्याच आवाजात तिला सांगतो आहे की घाबरू नकोस, माणूस नाही, ते आपलं सेटवरचं —